सांध्यापाशी कान: सिबेलियसची रेकॉर्डिंग्ज ताडून बघताना

सिबेलियस या फिनिश संगीतकाराच्या पाचव्या सिंफनीत, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचनेत, पहिल्या मूव्हमेंटच्या (भागाच्या) साधारण मध्यावर, एक जागा आहे. त्याआधी स्ट्रिंग्जची, म्हणजे तंतुवाद्यांची, अस्वस्थ कुजबुज चाललेली असते आणि तिच्यावर बासून हे खर्जातलं सुषिरवाद्य एकटंच कण्हत फिरत असतं. मग ढग वर सरकतात, ब्रास म्हणजे पितळी वाद्यं उजळतात, आणि पुढच्या मिनिटाभरात लक्षात येतं की आपण भलत्याच लयीत येऊन पोचलोय. मघाशी सगळं संथ आणि रुंद होतं, आता तीन-तीन मात्रांचं हलकं, नाचरं काहीतरी सुरू आहे. हा बदल नेमका कुठे झाला, हे चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये बोट ठेवून सांगता येत नाही. वाईट रेकॉर्डिंगमध्ये डोळे मिटूनही सांगता येतं.

सिबेलियसची रेकॉर्डिंग्ज ताडून बघायची म्हणून मी जो उद्योग केला, तो सगळा या एका जागेपासून वाढत गेला. कुठलं रेकॉर्डिंग सगळ्यात भव्य, कुणाचे ट्रम्पेट खणखणीत, कुणाच्या शेवटाला अंगावर काटा येतो, यावर माणसं तावातावानं बोलतात. मला दुसऱ्याच गोष्टीचा नाद लागला. एका लयीतून दुसऱ्या लयीत, एका भावातून दुसऱ्या भावात जाताना जो सांधा असतो, तो कोण कसा जुळवतो? हा माणूस आयुष्यभर सांधे लपवायला शिकत होता असं माझं मत आहे. तेव्हा त्याचं संगीत वाजवणाऱ्यांची परीक्षाही तिथेच घ्यायची.

मी फिनलंडमध्ये, एस्पोला राहतो. नोकरी दूरसंचार क्षेत्रातली, शेजार तापिओलाचा. तापिओ हा कालेवाला या फिनिश महाकाव्यातला अरण्याचा देव. त्याच्या नावानं १९५० च्या दशकात झाडांमध्ये वसवलेलं हे उपनगर, आणि सिबेलियसची शेवटची मोठी रचनाही त्याच नावाची. इथे आल्यावर सिबेलियस ऐकला नाही तर शेजारी काही बोलत नाहीत, पण आपल्यालाच चुकल्यासारखं वाटतं. शिवाय हेल्सिंकी परिसरातल्या लायब्ररींचं जाळं असं की कुठल्याही शाखेतली सीडी मागवावी आणि घराजवळच्या शाखेतून उचलावी. स्ट्रीमिंगवर सगळं असतंच, पण सीडीसोबतची पुस्तिका, कुठल्या सभागृहात कधी ध्वनिमुद्रण झालं ते पान, हे हातात असलं की ऐकणं बदलतं.

पद्धत साधी ठेवली. अख्खी सिंफनी एका बैठकीत एकाचीच ऐकायची. दुसऱ्या दिवशी नेमक्या दोन-तीन जागा काढून त्याच जागा वेगवेगळ्या लोकांकडून ऐकायच्या. आवाज सारखा करून घ्यायचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. जे रेकॉर्डिंग किंचित मोठ्यानं वाजतं ते कानाला आपोआप जास्त चांगलं वाटतं, आणि मग आपण कंडक्टरचं, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या संचालकाचं, कौतुक करत बसतो तेव्हा श्रेय व्हॉल्यूमच्या खटक्याचं असतं. इथल्या इमारतींमध्ये रात्री दहानंतर शांततेचा नियम असतो, त्यामुळे दहापर्यंत स्पीकर आणि पुढे हेडफोन. बायको एकदा दारातून म्हणाली, "अरे, तेच तेच पाच मिनिटं किती वेळा लावणार आहेस? पुढे काय होतं ते तरी ऐकू दे." तिचं बरोबर होतं, पुढे छानच होतं.

आता त्या पाचव्या सिंफनीकडे वळतो. ती पहिल्यांदा वाजली ८ डिसेंबर १९१५ ला, सिबेलियसच्या पन्नासाव्या वाढदिवशी, हेल्सिंकीत, त्याच्याच हाताखाली. तेव्हा तिच्या चार मूव्हमेंट्स होत्या. मी जो सांधा म्हणतोय तो अस्तित्वातच नव्हता. तिथे पहिली मूव्हमेंट संपायची आणि दुसरी सुरू व्हायची. त्याला ते पसंत पडेना. पुढच्या वर्षी त्यानं दोन्ही एकात मिसळल्या, आणि तरीही हात फिरवत १९१९ पर्यंत नेलं. आज आपण ऐकतो ती ही १९१९ ची. १९१५ चं रूप ओस्मो व्हॅन्स्का या फिनिश कंडक्टरनं लाहती शहराच्या ऑर्केस्ट्राबरोबर बीआयएस कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केलंय, आणि ताडून बघण्याचा नाद असलेल्या कुणीही ते चुकवू नये. सुरुवातीची ती ओळखीची हॉर्नची हाक त्यात नाही. अगदी शेवटचे जे सहा घणाघाती कॉर्ड (एकत्र लागणारे अनेक सूर) आपण मोकळ्या शांततेत ऐकतो, त्यांच्या मधल्या फटींत तिथे स्ट्रिंग्ज थरथरत राहतात. म्हणजे ती शांतता नंतर सुचलेली आहे. हे ऐकल्यावर मला तो माणूस लिहिता लिहिता खोडताना दिसायला लागला.

लायब्ररीतून स्कोअर, म्हणजे छापील स्वरलिपी, आणला तेव्हा सांध्याचं गणित कळलं. पहिला भाग बारा-अष्टमांश मापात लिहिलाय, म्हणजे एका बारमध्ये चार ठोके आणि प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन. पुढचा भाग तीन-चतुर्थांशात. जुन्या बारमधला एक ठोका हाच नव्या भागातला अख्खा बार होतो. कंडक्टरचा हात तसाच चालू राहू शकतो. बदलतो तो त्या ठोक्याच्या आतला मजकूर. नंतर हेल्सिंकीच्या म्युझिक सेंटरमध्ये ऑर्केस्ट्राच्या पाठीमागच्या स्वस्त जागेवर बसून हीच सिंफनी ऐकली. तिथे प्रेक्षक वादकांच्या चारही बाजूंनी बसतात, त्यामुळे कंडक्टरचा चेहरा समोर दिसतो. सांध्याच्या जागी त्यानं हात जवळजवळ आवरताच घेतला. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी हलत होती. व्हायोलिनवाले एकमेकांकडे बघत होते, त्याच्याकडे नाही. तेव्हा पटलं की ही जागा वादकांनी एकमेकांना ऐकूनच निभते.

आपल्याकडे बडा ख्याल संपला की क्षणभर थांबतात, तबलजी हात झटकतो, तानपुऱ्याकडे एक नजर जाते आणि मग द्रुत चीज सुरू होते. श्रोत्यालाही सावरून बसायला वेळ मिळतो. सिबेलियस तो वेळ देत नाही. विलंबितातच द्रुत मुरवून ठेवतो, आणि आपल्याला कळेपर्यंत बंदिश बदललेली असते. माझ्या कानांना हा प्रकार आधी पचेना, मग त्याचीच चटक लागली.

या जागेसाठी माझ्या यादीत सगळ्यात वर सायमन रॅटल हा इंग्लिश कंडक्टर आहे. बर्मिंगहॅमच्या नंतरच्या रेकॉर्डिंगपेक्षा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं, लंडनच्या फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राबरोबरचं. रॅटल तेव्हा जेमतेम पंचविशी ओलांडलेला पोरगा, आणि तरी त्याला अजिबात घाई नाही. कारायानचं १९६५ चं बर्लिनचं रेकॉर्डिंग नादाच्या बाबतीत सगळ्यांना पुरून उरतं, पण सांध्यात तो मला थोडा जास्तच गुळगुळीत वाटतो. काहीतरी घडलं याची चाहूलच लागू देत नाही. बर्नस्टाइन न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर याच्या उलट. त्याला घडलेलं लपवायचंच नाही. तो तुमच्या खांद्यावर हात टाकून "बघ, बघ" म्हणतो. गंमत अशी की मी चिडतो आणि पुन्हा लावतो.

रॉबर्ट कायानुसचं प्रकरण वेगळं आहे. हेल्सिंकीचा ऑर्केस्ट्रा १८८२ मध्ये यानंच स्थापन केला. सिबेलियसचा मित्र, अधूनमधून भांडणारा मित्र. १९३० मध्ये त्यानं लंडनला जाऊन पहिल्या दोन सिंफनी ध्वनिमुद्रित केल्या, त्याला फिनिश सरकारनं पैशाची मदत केली. १९३२ मध्ये तिसरी, पाचवी आणि 'तापिओला'. पुढच्याच वर्षी तो गेला. या रेकॉर्डिंग्जचा दबदबा आहे, कारण सिबेलियसच्या अंगणातला माणूस. पण सांधे ऐकायला बसलं की एक अडचण येते. तेव्हाच्या, मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर चारेक मिनिटंच मावत. बाजू संपली की वादकांनी थांबायचं, मेणाची नवी तबकडी लागली की पुन्हा सुरू. आज आपण ऐकतो ते तुकडे नंतर कुणीतरी जोडलेले आहेत. म्हणजे सिबेलियसच्या सांध्यांवर इंजिनिअरचे सांधे. असं असूनही कायानुसची चाल विलक्षण सरळ आहे. तो कुठेही थांबून सूर्यास्त दाखवत नाही. या संगीताला भव्य करायचा मोह नंतरच्या लोकांचा आहे, हे त्याला ऐकून कळतं.

दुसऱ्या सिंफनीत हे अगदी मिनिटांत मोजता येतं. कायानुस चाळीस मिनिटांच्या आसपास संपवतो. बर्नस्टाइननं उतारवयात व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर ती पन्नासच्या वर नेली. त्याच नोटा, त्याच मूव्हमेंट्स. बर्नस्टाइनचं ते रेकॉर्डिंग म्हणजे एकेका वाक्यावर मुक्काम आहे. मी ते पूर्ण ऐकलंय आणि बहुधा पुन्हा लावणार नाही. या सिंफनीतला सांधा तिसऱ्या मूव्हमेंटकडून चौथीकडे जाणारा: मध्ये थांबा नाही, संगीत वर चढत चढत थेट डी मेजरच्या त्या सुप्रसिद्ध सुरावटीत उघडतं. त्याआधी तिसऱ्या मूव्हमेंटच्या मधोमध ओबो एकच सूर नऊ वेळा लावतो आणि मग चाल सुरू करतो. ते नऊ सूर कोण कसे लावू देतो यावरून कंडक्टरचा स्वभाव कळतो. जॉर्ज सेल, कॉन्सर्टखेबाऊ ऑर्केस्ट्रा, १९६४: प्रत्येक सूर मापातला, आणि तरी आत काहीतरी धुमसतंय. बार्बिरोली, रॉयल फिलहार्मोनिक, १९६२: ओबोवाल्याला सांगितलंय की बाबा रे, तुला हवं तसं. पुण्याच्या माझ्या मामाकडे बार्बिरोलीची एलपी होती, काळा घोड्याच्या रिदम हाउसमधून कधीकाळी आणलेली. मी सेलची बाजू घेतली तर तो फोनवर म्हणाला, "तू इंजिनिअर आहेस, तुला तोच आवडणार." यावर काय बोलणार.

पहिल्या सिंफनीबद्दल मला फार म्हणायचं नाही. टिंपनी नावाच्या नगाऱ्यांच्या दबक्या घुमण्यावर एकट्या क्लॅरिनेटची सुरुवात, एवढ्यासाठीसुद्धा ती ऐकावी. माझेल आणि व्हिएन्ना, साठच्या दशकातलं डेक्काचं रेकॉर्डिंग, हे मला पुरतं. तरुण माझेल तिच्यातलं चायकोव्हस्कीचं रक्त लपवत नाही आणि लपवायचं कारणही नाही.

सातवीपाशी मात्र मी सगळ्यात जास्त रेंगाळलो. १९२४ ची, एकाच मूव्हमेंटची, वीस-बावीस मिनिटांची. सुरुवात बघा: टिंपनी, मग स्ट्रिंग्ज एक साधी सरगम चढतात, आणि वर पोचल्यावर ए फ्लॅट मायनरचा भलताच कॉर्ड लागतो. इथून पुढे ही सिंफनी म्हणजे सांधेच सांधे. संथ कुठे संपतं आणि चपळ कुठे सुरू होतं हे विचारण्यातच अर्थ नाही. पाच-सहा मिनिटांनी ट्रॉम्बोनची सुरावट पहिल्यांदा येते, पुढे आणखी दोनदा. दुसऱ्या खेपेला खाली स्ट्रिंग्ज वादळासारखे गरगरत असतात आणि वर ट्रॉम्बोन आपला संथच. दोन वेग एकाच वेळी, एकमेकांना न अडवता.

आमच्या इमारतीत एक निवृत्त गृहस्थ आहेत, तरुणपणी हौशी ऑर्केस्ट्रात ट्रॉम्बोन वाजवायचे. वसंतात सगळे रहिवासी मिळून आवार झाडायचा दिवस असतो, तेव्हा पानं गोळा करता करता विषय निघाला. मी विचारलं, ती सातवीतली सुरावट वाजवताना कसं वाटतं? ते म्हणाले, "वाजवताना काही नाही. त्याआधी मोजताना घाम फुटतो." ट्रॉम्बोनवाला बराच वेळ गप्प बसलेला असतो, वाद्याची नळी गार पडलेली असते, ओठ थिजलेले. ऑर्केस्ट्रा भोवती हळूहळू फुगत असतो, आणि त्यात असं उगवायचं की जणू तो सूर आधीपासूनच चालू होता. "ऐकणाऱ्याला ट्रॉम्बोन सुरू झालेला कळला, तर माझं चुकलं," ते म्हणाले. मी घरी येऊन एकेक रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, या वेळी फक्त त्या एका प्रवेशासाठी.

म्राविन्स्कीच्या लेनिनग्राड फिलहार्मोनिकचं १९६५ चं मॉस्कोतलं रेकॉर्डिंग या कसोटीला साफ नापास होतं. तिथला ट्रॉम्बोन रशियन पद्धतीचा, सुराला कंप देणारा, आणि आला की सगळ्यांना उठून उभं राहावंसं वाटावं असा येतो. गृहस्थांना ऐकवलं तर ते हसले, "हा माझ्या शेजारी बसला असता तर मी घरी गेलो असतो." पण मला विचाराल तर त्या रेकॉर्डिंगमधली तडफ दुसरीकडे कुठेही नाही. कुसेवित्स्कीनं १९३३ मध्ये लंडनला बीबीसीच्या ऑर्केस्ट्राबरोबर प्रत्यक्ष कार्यक्रमात वाजवलेली सातवी मिळते. आवाज खरखरीत, मागे श्रोते खोकतात, आणि शेवटी जेव्हा व्हायोलिन्स बी वरून सी वर सरकतात तेव्हा ते अर्ध्या सुराचं अंतर त्यांना पार करवत नाही असं वाटतं. रोज ऐकायला मात्र पावो बेर्गलुंड.

बेर्गलुंडवर थोडं जास्त लिहितो, कारण या सगळ्या शोधात माझा सगळ्यात मोठा लाभ तोच. डावखुरा माणूस, व्हायोलिनही डावखुरं वाजवायचा, संचालनाची छडीही डाव्या हातात. त्याला सातवीच्या छापील प्रतीत चुका दिसायला लागल्या, म्हणून त्यानं जुन्या वाद्यप्रतींशी ताडून त्या शोधून काढल्या, आणि त्यातून १९८० मध्ये सुधारित आवृत्ती निघाली. म्हणजे मी जे रेकॉर्डिंग्जचं करतोय ते यानं कागदावर आयुष्यभर केलं. सिबेलियसच्या सातही सिंफनी त्यानं तीनदा ध्वनिमुद्रित केल्या: सत्तरच्या दशकात बोर्नमथ, ऐंशीच्या दशकात हेल्सिंकी फिलहार्मोनिक, आणि नव्वदच्या दशकात चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोप. तिन्ही लागोपाठ ऐकावे. बोर्नमथमध्ये संगीत जाड, अंधारं, डोंगरासारखं. हेल्सिंकीत ते उजळतं. तिसऱ्या खेपेला स्ट्रिंग्जची संख्या कमी आणि सगळं मांस झडून गेलंय. आतल्या स्वरांच्या नुसत्या शिरा दिसतात. वय वाढलं की बहुतेक कंडक्टर संथ आणि जड होतात. हा हलका होत गेला.

चौथ्या सिंफनीत माझ्या सांध्याच्या सिद्धांताला तडा जातो, आणि ते मला आवडतं. १९११ ची ही सिंफनी. त्याआधी तीन वर्षं सिबेलियसच्या घशातली गाठ काढली होती, आणि मरणाची भीती त्याच्या मानगुटीवर बसलेली होती. चेलो, डबल बास आणि बासून खालून चार सूर काढतात, सी, डी, एफ शार्प, ई, आणि त्या तिसऱ्या सुरापाशी जमीन सरकते. इथे त्यानं सांधे मुद्दामच उघडे ठेवलेत. संगीत बोलायला लागतं आणि वाक्य अर्धवट सोडतं. दुसरी मूव्हमेंट तर टिंपनीच्या दबक्या ठोक्यांवर अशी संपते की वादकांची पानं हरवली असावीत. माझ्या हिशेबानं इथे बेर्गलुंडचं शेवटचं, हाडं दाखवणारं रेकॉर्डिंगच जिंकायला हवं. प्रत्यक्षात मी पुन्हा पुन्हा वळतो कारायानच्या १९६५ च्या बर्लिनकडे. त्याचं ते गुळगुळीतपण इथे वेगळंच काम करतं: काळ्या मखमलीवर एकही सुरकुती नाही, आणि खाली काय झाकलंय ते आपल्याला ठाऊक असतं. शेवटच्या मूव्हमेंटमध्ये घंटा कुठल्या वापरायच्या यावर जुना वाद आहे. कुणी किणकिणता ग्लोकेनश्पील घेतो, कुणी लांब नळ्यांच्या घंटा, आणि ज्यांनी नळ्या घेतल्या तिथे मला एकदम चर्चमध्ये आल्यासारखं होतं. माझं मत ग्लोकेनश्पीलला. शेवटचे कॉर्ड मध्यम आवाजात, वेग न उतरवता वाजवून निघून जायचं असतं. सिबेलियसनं तिथे कुठलाही निरोप समारंभ लिहिलेला नाही, आणि जे कंडक्टर तो करतात त्यांच्या सीडी मी लायब्ररीत परत दिल्या.

सहावी: कारायान, १९६७. व्हॅन्स्काही. आणखी काही लिहिलं तर ती सिंफनी बिघडेल.

व्हॅन्स्काचा विषय निघालाच आहे तर एक तक्रार. लाहतीबरोबरच्या त्याच्या सीडींमध्ये तो कधीकधी वादकांना इतकं हळू वाजवायला लावतो की आपण आवाज वाढवतो, आणि मग पुढच्या फोर्टेला, म्हणजे मोठ्या आवाजाच्या जागेला, घरातली भांडी हलतात. मी लाहतीला जाऊन सिबेलियस हॉलमध्ये बसलो तेव्हा या हट्टाचं मर्म कळलं. सन २००० मध्ये उघडलेलं, तळ्याकाठचं लाकडी सभागृह. तिथे स्ट्रिंग्जचा जेमतेम ऐकू येणारा सूरसुद्धा मागच्या रांगेपर्यंत पोचतो. त्याची ती सिंफनींची मालिका हे सभागृह उघडायच्या आधीची आहे, हे खरं. पण तिथला ऑर्केस्ट्रा तसं वाजवायचं कुठून शिकला असेल असं वाटणाऱ्याला उत्तर बाहेर मिळतं: जानेवारीत, बर्फ पडल्यावर, लाहतीच्या रस्त्यावर उभं राहा.

सिंफनींच्या बाहेरच्या गोष्टींत मी तीनच धरल्या. 'लुओनोतार', १९१३ ची, सोप्रानो आणि ऑर्केस्ट्रासाठी; जगाच्या उत्पत्तीची कालेवालातली कथा, नऊ-दहा मिनिटांत. यासाठी फिनिश तोंडातली गायिका हवी, आणि सोइले इसोकोस्कीनं सेगेरस्टामच्या हेल्सिंकी फिलहार्मोनिकबरोबर जे गायलंय ते ऐकल्यावर मी बाकीच्यांचा शोध थांबवला. दुसरी 'तापिओला', १९२६ ची. वॉल्टर डॅम्रॉशनं न्यूयॉर्कसाठी मागवली होती. अख्खी रचना जवळजवळ एकाच छोट्या आकृतीतून उगवते, त्यामुळे इथे सांधा शोधायला गेलात तर सापडायचाच नाही. शेवटाकडे स्ट्रिंग्जचं जे वादळ उठतं ते कायानुसकडे जुन्या ध्वनिमुद्रणामुळे दूरचं ऐकू येतं, बीचमकडे १९५५ मध्ये देखणं होतं, आणि कारायानच्या १९८४ च्या रेकॉर्डिंगमध्ये आपल्या अंगावर येतं. मी हेडफोन काढून ठेवले होते, हे कबूल.

तिसरी 'आंदान्ते फेस्तिवो'. छोटी, साधी, १९२२ मध्ये फिनलंडमधल्या सॅयनात्सालोच्या लाकूड गिरणीच्या वर्धापनदिनासाठी चार वाद्यांकरता लिहिलेली आणि नंतर स्ट्रिंग ऑर्केस्ट्राला बसवलेली. हिची एरवी तुलना कुणी करणार नाही. पण १ जानेवारी १९३९ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त रेडिओवरून ती वाजवली गेली, आणि कंडक्टर होता खुद्द सिबेलियस, वय ७३. त्यानं स्वतः संचालन केलेलं एवढंच ध्वनिमुद्रण शिल्लक आहे. यार्वेनपाजवळच्या त्याच्या घरी, आयनोलाला, मी उन्हाळ्यात जाऊन आलो. तिथे हिरवी शेगडी, काळा पियानो आणि दाराबाहेर त्याची आणि बायको आयनोची कबर आहे. पण तो माणूस भेटतो तो या पाचेक मिनिटांत. मला वाटलं होतं, कायानुसचा मित्र म्हणजे हाही सरळ चालीचा असणार. तसं नाही. तो संथ जातो, प्रत्येक सुराला शेवटपर्यंत धरून ठेवतो, ओढतो, आणि एका वाक्यातून दुसऱ्यात जाताना श्वास मोडू देत नाही. हे ऐकल्यावर बर्नस्टाइनबद्दल मी वर जे लिहिलंय त्यातलं निम्मं मागे घ्यावं की काय असं झालं. घेतलेलं नाही.

तिसऱ्या सिंफनीचा निकाल मात्र राखून ठेवलाय. तिची शेवटची मूव्हमेंट म्हणजे दोन मूव्हमेंट्सचा सांधाच: आधी तुकड्यातुकड्यांची धावपळ, मग त्यातूनच एक जाडजूड कूच आकार घेतं, आणि एकदा ते आलं की शेवटपर्यंत हटत नाही. इथे अँथनी कॉलिन्स, लंडन सिंफनी, पन्नासच्या दशकातलं मोनो. दुसरं कुणी नको. पण मधली मूव्हमेंट कुठल्या चालीनं जावी यावर माझं आणि ट्रॉम्बोनवाल्या गृहस्थांचं जमत नाही. कॉलिन डेव्हिस ती सावकाश, विचारात हरवल्यासारखी नेतो आणि मला ते पटतं. गृहस्थ म्हणतात, सिबेलियसनं तिथे जवळजवळ अलेग्रेत्तो, म्हणजे बेताची चपळ चाल, लिहिलंय, वाचता येत नाही का तुम्हा लोकांना? कारायाननं ही सिंफनी कधी ध्वनिमुद्रित केलीच नाही, त्यामुळे त्याला मध्ये घालून वाद मिटवायचीही सोय नाही. ओक्को कामूचं हेल्सिंकी रेडिओ ऑर्केस्ट्राबरोबरचं रेकॉर्डिंग मागवलंय, नेमे यार्वीचं गोथेनबर्गचंही. सीडी आल्या की गृहस्थ वर यायचे आहेत, कॉफी माझ्याकडे, लय मोजायचा मेट्रोनोम त्यांचा.